अरे बोट जरा हळू चालवा ना!

आज परत तेच. गोव्यात कुंभारजुव्याच्या कालव्यात काकांबरोबर होडी घेऊन गेलेलो, मागून टुरिस्टांची स्पीडबोट आली, फुल्ल स्पीड फुल्ल स्पीकर, आणि तिच्या लाटेने होडी अशी कलंडली की काका पाण्यात पडायचेच बाकी होते. हात केला, बोंबललो, पण त्या गाण्यांत कोणाला ऐकू येणार? मांडवी आणि झुआरी नद्यांना जोडणारा अरुंद कालवा आहे हा, रेसचा ट्रॅक आहे का?

आणि लाट काय फक्त होडीला लागते? ती बांधाला लागते. मातीचे बांध, पिढ्यानपिढ्या आमच्या माणसांनी हाताने घातलेले, आणि त्यांच्या आत खाजन शेती, म्हणजे खाऱ्या पाण्यापासून बांधाने राखलेली सखल भातजमीन. बांध फुटला की खारं पाणी आत, भात गेलं, मग जमिनीतलं मीठ धुऊन निघायची वाट बघत बसा. भरपाई कोण देणार, तिकिटं विकणारा?

बरं, यांना मगर बघायचीय. मग इंजिन बंद करून पाच मिनिटं गप्प बसा की, चिखलावर ऊन खात पडलेली दिसेल! चोडणला पक्षी अभयारण्य आहे, तिथल्या खारफुटीजवळूनही हाच धिंगाणा. रात्री 10 नंतर लाऊडस्पीकर बंद हा नियम 2000 सालापासून आहे, तो पाण्यावर लागू होत नाही का?

आजच्या त्या बोटीत पुढे दोन लहान मुलं उभी होती. एकाच्याही अंगात लाईफ जॅकेट नव्हतं.