चाळिशीनंतर नवीन काय शिकावं? माझं उत्तर: भाकरी

वर्गात आम्ही मुलांना सारखं सांगतो, नवीन काहीतरी शिका. हा सल्ला चाळिशी-पन्नाशीच्या माणसांना जास्त लागू आहे असं मला मनापासून वाटतं. पण या वयात लोक गिटार घेतात, नाहीतर परदेशी भाषेचा कोर्स लावतात. तिथे आपलं काय चुकतंय हे कळायलाच महिना जातो आणि तोवर उत्साह मावळतो. वर्षानुवर्षं आपल्या कामात मुरलेल्या माणसाला पुन्हा कच्चं असणं सोसत नाही, खरी अडचण ती आहे. म्हणून चूक पाच मिनिटांत दाखवणारं आणि चुकलं तरी पोटात जाणारं काम निवडावं. सोलापुरात राहून त्यासाठी ज्वारीच्या भाकरीकडे जावं. पुरुषांनी तर नक्कीच.

ज्वारी आपल्या हाताशी आहे. मंगळवेढ्याच्या मालदांडी ज्वारीला 2016 साली भौगोलिक मानांकन मिळालं. 2023 हे भरडधान्य वर्ष म्हणून जगभर साजरं झालं, भाषणंही झाली. पण भाकरी थापणारे हात घराघरातून कमी होतायत, याचं मला वाईट वाटतं.

पीठ आठ-दहा दिवस पुरेल एवढंच दळून आणा. जुन्या पिठाची विरी, म्हणजे चिकटपणा, जाते, मग कितीही मळलं तरी थापताना कडा फाटतात. नवशिक्याने आधी स्वतःच्या हाताला दोष देण्याऐवजी पीठ कधी दळलंय ते बघावं.

ज्वारीत गव्हासारखं ग्लुटेन नसतं. पीठ धरून ठेवायचं काम गरम पाणी करतं, कारण उष्णतेने स्टार्च फुगतो आणि चिकटपणा येतो. सुरुवातीला उकड काढणं सोपं: वाटीभर पिठाला पाऊण ते एक वाटी पाणी, चिमूटभर मीठ. पाण्याला खळखळून उकळी आली की गॅस बंद करून पीठ घालायचं, हलवून दहा मिनिटं झाकायचं. मग परातीत तळहाताच्या टाचेने रगडून मळायचं. इथेच बहुतेक जण घाई करतात. गोळा दाबल्यावर कडेला भेग पडली तर अजून मळा, लागलं तर पाण्याचा हात घ्या. एका वेळी एका भाकरीचाच गोळा मळावा.

थापताना खाली पीठ भुरभुरायचं आणि बोटांनी कडेकडेने भाकरी फिरवत न्यायची. मधे जाड राहिली तर कच्ची राहते, मधे पातळ झाली तर तिथेच फाटते. तव्यावर टाकताना पिठाची बाजू वर. तिच्यावर लगेच पाणी फिरवायचं. हे पाणी सुकत आलं, पण पुरतं वाळलं नाही, तेव्हा उलटायची. आधी उलटली तर तव्याला चिकटते, उशीर झाला तर तडे जातात आणि त्या तड्यांतून वाफ निसटते. वाफ निसटली की पापुद्रा सुटत नाही. दुसरी बाजू नीट भाजून झाली की पहिली बाजू थेट आचेवर धरा, फुगते.

दोन पिठं वाया गेली तरी चालेल, पण प्रत्येक भाकरीनंतर काय बिघडलं ते एका ओळीत लिहून ठेवा: पाणी कमी, तवा थंड, उलटायला उशीर. मी विद्यार्थ्यांना प्रयोगवहीत जे लिहायला सांगतो तेच. एका वेळी एकच गोष्ट बदला, नाहीतर सुधारणा कशाने झाली ते कळणार नाही.

हात बसला की कडक भाकरीकडे वळा. ती आणखी पातळ थापायची, मंद आचेवर फडक्याने दाबत भाजायची आणि ओल पूर्ण जाईपर्यंत चुलीशेजारी किंवा गॅसजवळ उभी ठेवायची. ओल राहिली तर डब्यात बुरशी येते. ही पायरी दुसऱ्या महिन्यात घ्यावी, कारण एवढी पातळ थापायला बोटांत अंदाज आलेला हवा. सोबतीला शेंगाची चटणी उखळात कुटा, तेल सुटेपर्यंत. मिक्सरच वापरायचा असेल तर थांबून थांबून फिरवा, सलग फिरवला की चटणीचा लगदा होतो.