जॉइनिंग १ जूनला. तोवर मी आजोळी आहे.

आज सकाळी घरच्या ग्रुपवर आनंदाने कळवलं, नवी नोकरी लागली, १ जूनला जॉइनिंग, आणि त्याआधी बारा दिवस आम्ही गुहागरला आजोळी चाललोय. पहिलं उत्तर काय यावं? 'नोकरी लागल्या लागल्या सुट्टी? कंपनीला काय वाटेल?' त्याला लगेच तीन जणांचे अंगठे. अभिनंदन दुपारी आलं.

डोकं फिरलंय म्हणून इथे लिहितेय.

आधी नोकरीबद्दल सांगू द्या, ते तर कुणी विचारलंच नाही. बसगाड्यांची वेळापत्रकं बसवणारं सॉफ्टवेअर करायचं काम आहे. कुठली फेरी किती वाजता सुटावी, ड्रायव्हरची ड्युटी किती तासांची, मुक्कामी गाडी घेऊन गेलेल्या माणसाला झोप किती मिळते, हे सगळं त्यात येतं. अकरा वर्षं बँकांची सॉफ्टवेअर तपासण्यात गेली. या इंटरव्ह्यूत मुक्कामी गाडीचा विषय निघाला आणि मी वीस मिनिटं बोलतच राहिले. बाबा कराड डेपोत ड्रायव्हर होते, मी नाही बोलणार तर कोण?

आणि सुट्टीचं म्हणाल तर तेही बाबांमुळेच.

मे महिना म्हणजे एसटीचा हंगाम. लग्नसराई, गावोगावच्या जत्रा, शाळांना सुट्टी, जादा गाड्या. बाबांनी मेमध्ये रजेचा अर्ज कधी केलाच नाही. 'सगळी पोरं आजोळी निघालीत, त्यांना कोण पोचवणार?' म्हणायचे. मी चौथीत होते त्या वर्षी नेमकी गुहागर गाडीवर त्यांचीच ड्युटी लागली. कुंभार्ली घाट उतरेपर्यंत मी त्यांच्या पाठीकडे बघत बसले होते. शृंगारतळीच्या अलीकडच्या फाट्यावर आजी डबा घेऊन उभी. डब्यात रायवळ आंबे. बाबा खाली उतरले, गाडीच्या सावलीत उभ्या उभ्या दोन आंबे चोखले, कोय झुडपात टाकली, हात खाकी पँटच्या खिशातल्या रुमालाला पुसले. कंडक्टरने डबल बेल दिली. दहा मिनिटंही झाली नसतील. आजी म्हणाली, 'जावयबापू, घरी तरी या.' तोवर गाडी सुटली होती.

एवढीच त्यांची आजोळची सुट्टी. मी पाहिलेली तरी.

आता सांगा, कंपनीला काय वाटेल याची काळजी मी करू? जुन्या ठिकाणी नव्वद दिवसांचा नोटीस पिरियड पुरा केला, एक दिवस बुडवला नाही. शेवटच्या संध्याकाळी सातपर्यंत कामं समजावून देत बसले होते. आणि नोकरीच्या जाहिरातींत बघावं तर 'इमिजिएट जॉइनर हवा'. माणूस म्हणजे काय नळ आहे, इकडचा बंद केला की तिकडचा सुरू? नव्या ठिकाणी मी स्पष्ट १ जून सांगितली. ते एका शब्दात हो म्हणाले. अडचण कंपनीला नाही, आपल्याच माणसांना आहे!

हो, ज्यांच्या डोक्यावर हप्ता आहे त्यांना बिनपगारी बारा दिवस परवडत नाहीत, मान्य. पण ग्रुपवर बोललेल्यांपैकी कुणाचाही प्रश्न पैशांचा नव्हता. मागून घेतलेली सुट्टी त्यांना उर्मटपणा वाटते.

'जूनमध्ये जा की, रुजू झाल्यावर' असंही एकीने सुचवलं. मिरगाच्या पावसात जाऊन काय करू? रातांबे, म्हणजे कोकमाची फळं, मेमध्येच फोडायची असतात. मावशी बी काढून सालं त्याच रसात मीठ घालून बुडवते, उन्हात टाकते, परत बुडवते, परत टाकते. बोटं लाल होतात, चार दिवस रंग जात नाही. माझ्या लेकीने हे अजून पाहिलेलं नाही. ती आठ वर्षांची आहे. मी कशाची वाट बघू?

लिहिता लिहिता राग जरा उतरलाय. उत्तर देणारे मामा वाईट नाहीत. त्यांनीही आयुष्यभर कुणाला रजा मागितली नसेल, म्हणून टोचलं असेल. तरी 'अभिनंदन' आधी लिहायला हवं होतं, एवढं म्हणणारच.

बाबांना तारीख सांगितली तेव्हा ते आधी हसले. १ जून म्हणजे एसटीचा वाढदिवस, १९४८ साली त्या दिवशी पहिली गाडी पुण्याहून नगरला गेली, हे त्यांनी मला लहानपणापासून शंभरदा ऐकवलंय. 'चांगल्या दिवशी लागतेस,' म्हणाले. बास. सुट्टी कशाला, हे त्यांनी विचारलं नाही.

परवा सकाळी कराडहून निघतोय, एसटीनेच. बाबाही येतायत, एकाहत्तराव्या वर्षी, पॅसेंजर म्हणून. सीटची तिकिटं काढल्याचं सांगायला आत्ता फोन केला, तर विचारतात, 'फाट्यावर गाडी किती वेळ थांबते गं हल्ली?'

म्हटलं, 'बाबा, आपण तिथे उतरायचंय.'