‘तोच चंद्रमा’ हे प्रेमभंगाचे गाणे आहे का? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार.

प्रेमाच्या आणि प्रेमभंगाच्या माझ्या आवडत्या गाण्यांवरील लेखाला आपण पाठवलेली प्रतिक्रिया मी तीन-चार वेळा वाचली. ती कठोर आहे, पण लेख शेवटपर्यंत वाचून लिहिलेली आहे, आणि म्हणूनच दोन ओळींत आभार मानून मोकळे होणे मला योग्य वाटले नाही. ज्यांनी तो लेख वाचलेला नाही त्यांच्यासाठी आपले म्हणणे थोडक्यात सांगते. आपल्या मते ‘तोच चंद्रमा नभात’ हे गाणे प्रेमभंगाच्या यादीत बसतच नाही, कारण त्यात कुणी कुणाला सोडून गेलेले नाही. शिवाय मी त्याला संस्कृत श्लोकाचा भावानुवाद म्हटले, तेही चूक आहे. मी निवडलेली सगळी गाणी रेडिओच्या काळातील सुशिक्षित मध्यमवर्गाची असून ती हतबलपणे उसासे टाकतात, त्यांत राग कुठेच नाही, असा आपला दुसरा आक्षेप आहे. आणि माझ्या घटस्फोटाचा उल्लेख करून मी चांगल्या कविता माझ्या खाजगी दुःखाच्या दावणीला बांधल्या, तेव्हा तो परिच्छेद मी काढून टाकावा, असे आपण शेवटी सुचवले आहे.

भावानुवादाबद्दल आपण म्हणता ते पूर्णपणे मान्य आहे. तो शब्द मी निष्काळजीपणे वापरला होता. मात्र आपला आक्षेप वाचून मी मूळ श्लोक आणि गाणे पुन्हा शेजारी शेजारी ठेवले, तेव्हा माझी चूक मला वाटत होती त्याहून मोठी निघाली, आणि त्याच चुकीत आपल्या पहिल्या प्रश्नाचे उत्तरही सापडले.

‘यः कौमारहरः’ हा मूळ श्लोक परंपरेने शीलाभट्टारिका या जुन्या संस्कृत कवयित्रीच्या नावावर आहे. त्यात बोलणारी स्त्री आहे. ज्याने माझे कौमार्य हरण केले तोच आज माझा पती आहे, चैत्रातल्या रात्री त्याच आहेत, उमललेल्या मालतीचा गंध घेऊन येणारे कदंबवनातले वारे तेच आहेत, आणि मीही तीच आहे. तरीही रेवेच्या काठी, वेताच्या झाडाखाली, चोरून झालेल्या त्या भेटींसाठी माझे मन उत्कंठित होते, असे ती म्हणते. तिचे सर्व काही तिच्यापाशी आहे आणि तिची ओढही शाबूत आहे, किंबहुना ती ओढच श्लोकाचा शेवटचा शब्द आहे. मम्मटाने ‘काव्यप्रकाश’ या आपल्या काव्यशास्त्रावरील ग्रंथाच्या आरंभीच हा श्लोक उदाहरणादाखल घेतला, तो ठसठशीत अलंकार नसतानाही काव्य कसे असू शकते हे दाखवण्यासाठी.

‘तोच चंद्रमा’ लिहिणाऱ्या शांताबाई शेळके यांचा संस्कृत काव्याशी निकटचा परिचय होता, ‘मेघदूता’चा त्यांनी मराठी अनुवादही केला आहे, तेव्हा या श्लोकाचा अनुवाद करणे त्यांना अवघड नव्हते. त्यांनी तो केला नाही. त्यांनी बोलणारा बदलला, स्त्रीच्या जागी पुरुष आणला. मालतीच्या जागी जाईचा कुंज आला, चैत्रातली रात्र आणि चंद्र राहिले, पण रेवा नदी मात्र गाण्यातून नाहीशी झाली. हा बदल मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. श्लोकातल्या स्त्रीला जावेसे वाटते असे एक ठिकाण आहे, आणि निदान मनाने तरी ती तिथे जाऊ शकते. गाण्यातल्या पुरुषाला जायला असे ठिकाणच उरलेले नाही, कारण तो त्याच कुंजात, त्याच चांदण्यात, त्याच स्त्रीच्या शेजारी बसलेला आहे. श्लोकात उत्कंठा आहे. गाण्यात ‘ती न आर्तता उरात’ असे आहे. म्हणजे मूळ श्लोक ज्या ओढीवर संपतो, नेमकी तीच शांताबाईंनी काढून घेतली आणि उरलेल्या रिकामपणाचे गाणे केले. याला अनुवाद म्हणता येत नाही हे आता मला स्पष्ट दिसते. शेकडो वर्षांपूर्वीच्या एका कवयित्रीला दुसऱ्या कवयित्रीने दिलेले ते उत्तर आहे.

आता प्रश्न असा की याला प्रेमभंग म्हणावे की नाही. आपण प्रेमभंग म्हणजे ताटातूट असे धरले आहे आणि बहुतेक गाण्यांपुरते ते बरोबर आहे. पण ‘भंग’ हा शब्द वस्तूच्या आत पडणाऱ्या तड्यालाही लागू होतो, आणि शांताबाईंनी शेवटी ‘भंगल्या सुरां’चा उल्लेख केला आहे तो उगाच नाही. ताटातुटीत निदान दोघांपैकी एकाचे प्रेम जागे असते, म्हणून तर दुखते. इथे दोघेही समोरासमोर आहेत, कुणाचा अपराध नाही, कुणी तिसरे आलेले नाही, आणि तरीही मधले जे होते ते गेले. दोष द्यायला कुणी नसणे हे मला दोष देता येण्याहून अधिक अवघड वाटते.

याच्या शेजारी ‘का रे दुरावा, का रे अबोला’ ठेवून पाहावे. ‘मुंबईचा जावई’ या १९७० सालच्या चित्रपटातील हे गीत माडगूळकरांचे आहे, संगीत सुधीर फडके यांचे आणि आवाज आशा भोसले यांचा. ते गाणे अबोल्याचे आहे, आणि अबोला धरण्यासाठी समोरच्याने तो सोडवावा ही अपेक्षा लागते. तिथला ‘का’ एका जिवंत माणसाला विचारलेला आहे आणि त्याचे उत्तर येणार हे ऐकणाऱ्याला ठाऊक असते. ‘तोच चंद्रमा’मधला ‘कुठे’ कुणालाही विचारलेला नाही. याही गाण्याचे संगीतकार फडकेच आणि गायकही तेच; त्यांनी चाल बांधली ती यमनाच्या आधाराने, म्हणजे सांजवेळच्या प्रसन्न, भरलेल्या रागात. चालीत रडणे कुठेही नाही. रात्र जितकी सुंदर आहे तितकी ती सुंदरच ऐकू येते, फक्त गाणाऱ्याला ती आता लागू होत नाही.

घटस्फोटाचा तो परिच्छेद मी का लिहिला, हे सांगण्याची हीच जागा आहे. आमचे लग्न अकरा वर्षे टिकले. परस्परसंमतीचा अर्ज केल्यावर आम्हाला सहा महिने थांबावे लागले, आणि त्या काळात समुपदेशन करणाऱ्या बाईंनी आम्हा दोघांनाही पुन्हा पुन्हा विचारले की भांडण कशावरून झाले. त्यांचा हेतू चांगला होता. कारण कळले असते तर त्यांना काही मार्ग सुचवता आला असता. आम्ही एकमेकांकडे पाहिले आणि आम्हाला सांगता आले नाही. भांडण झालेच नव्हते. त्याने मला कधी दुखावले नाही, मीही त्याला नाही. एका संध्याकाळी जेवताना माझ्या लक्षात आले की त्याच्या परत येण्याच्या वेळेकडे माझे लक्ष लागणे कधीतरी थांबले होते, आणि ते कधी थांबले हे मला आठवत नव्हते. पुढे घर आवरताना फडक्यांच्या गाण्यांच्या एकसारख्याच दोन कॅसेट कपाटात निघाल्या. लग्नाआधी दोघांनीही ती स्वतंत्रपणे विकत घेतली होती आणि संसार एकत्र झाल्यावर एक कुणाला तरी देऊन टाकायची असे ठरवून आम्ही ती कधीच दिली नव्हती. त्यातली माझी कोणती आणि त्याची कोणती, हे दोघांनाही सांगता येईना. नातेवाइकांना आमचे वेगळे होणे समजले नाही, कारण त्यांना गोष्टीत अपराधी हवा होता. मला ते समजले ते या गाण्यामुळे, आणि ‘त्यात कुणी कुणाला सोडून गेलेले नाही’ हे आपले वाक्य माझ्या दृष्टीने त्या गाण्याचे सर्वांत अचूक वर्णन आहे.

आपल्या दुसऱ्या आक्षेपातील अर्धा भाग मी निमूटपणे स्वीकारते. माझी यादी एका वर्तुळातली आहे. रेडिओ आणि ध्वनिमुद्रिका ज्या घरांत पोहोचल्या त्या घरांतली ती गाणी आहेत, आणि मी तशाच एका घरात वाढले. जात्यावरच्या ओव्यांचा साधा उल्लेखही माझ्या लेखात नव्हता, ही उणीव आहे. पुण्यातील हेमा राईरकर आणि गी पॉइटवॉ यांनी ग्रामीण महाराष्ट्रातील बायकांकडून एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. त्यांत सासरचा जाच, नवऱ्याचे वागणे, माहेरची ओढ यांबद्दल बायका ज्या रोखठोकपणे बोलतात तसे भावगीत क्वचितच बोलते. राग हवा असेल तर तो तिथे आहे.

हतबलतेचा आरोप मात्र मला मान्य नाही. ‘भातुकलीच्या खेळामधली राजा आणिक राणी’ हे मंगेश पाडगावकरांचे गीत घ्या. यशवंत देवांच्या चालीत आणि अरुण दात्यांच्या आवाजात ते इतक्यांदा ऐकले गेले आहे की ‘अर्ध्यावरती डाव मोडला’ हे शब्द आता ज्यांना गाणे ठाऊक नाही तेही सहज वापरतात. त्या गाण्यात राणी दूर जाते आणि कवी ‘का’ विचारत राहतो, पण उत्तर देत नाही. दात्यांचा आवाज प्रश्न विचारतो, जाब विचारत नाही, आणि या दोहोंतले अंतर फार मोठे आहे. जाब विचारणाऱ्याला स्वतःच्या बाजूची खात्री असते. ज्याला जाणाऱ्या माणसाचे दुःखही दिसते आहे, राणीच्या डोळ्यांतले पाणी ज्याने पाहिले आहे, त्याला जाब विचारता येत नाही. याला मी दुर्बळपणा म्हणणार नाही. आपले दुखत असताना दुसऱ्याचेही दुखते आहे हे ध्यानात ठेवायला बळ लागते.

आणि ‘सुन्या सुन्या मैफिलीत माझ्या’ या गीताला आपण उसासा म्हणावे, याचे मला खरोखर वाईट वाटले. सुरेश भटांचे शब्द, हृदयनाथ मंगेशकरांचे संगीत आणि लताबाईंचा आवाज असलेले हे गीत जब्बार पटेल यांच्या १९८२ सालच्या ‘उंबरठा’ या चित्रपटात आहे. तिथे स्मिता पाटील यांनी उभी केलेली सुलभा घराचा उंबरठा ओलांडून महिलाश्रमाची अधीक्षक होते, तिथल्या बायकांसाठी झगडते, आणि तिच्या माघारी तिचा संसार तिच्या हातून निसटतो. निर्णय घेतलेल्या, स्वतःच्या पायावर उभ्या राहिलेल्या बाईचे हे गाणे आहे. त्याची पहिली ओळ नीट ऐकावी: गीत ‘तुझे’ आहे, पण मैफल ‘माझी’ आहे. ती सुनी झाली आहे, तरी तिने ती मोडलेली नाही, आणि ती गाते आहे. निघून जाणाऱ्या बाईलाही मागचे आठवते, आणि आठवले म्हणून ती परत फिरत नाही, हे त्या एका ओळीने मला ज्या वयात सांगितले त्या वयात ते दुसऱ्या कुणी सांगितले नव्हते.

कवितेला खाजगी दुःखाच्या दावणीला बांधण्याचा आपला आक्षेप तत्त्वाचा आहे. कवितेचे मूल्य वाचकाच्या अश्रूंवर ठरू नये, हे मलाही मान्य आहे. एखादे सुमार गाणे माझ्या आठवणीमुळे थोर होत नाही. पण भावगीत हा प्रकार मुळातच ऐकणाऱ्यासाठी जागा ठेवून घडला आहे. जुन्या ७८ फेऱ्यांच्या तबकडीची एक बाजू तीन-साडेतीन मिनिटांत संपत असे. तेवढ्यात कथा सांगता येत नाही, पात्रांना नावगाव देता येत नाही. उरतात ते ‘मी’ आणि ‘तू’. त्या ‘मी’च्या जागी ऐकणारा उभा राहतो आणि कवी, संगीतकार, गायक तिघांनाही ते ठाऊक असते. रेवेचे नाव पुसून शांताबाईंनी ती जागा अधिकच मोकळी केली.

आणि ही सवय केवळ रेडिओने लावलेली नाही. आपण ज्या श्लोकाची आठवण करून दिली त्याचेच उदाहरण सांगते. ‘चैतन्यचरितामृता’त असे वर्णन आहे की जगन्नाथपुरीच्या रथयात्रेत चैतन्य महाप्रभू रथापुढे हाच श्लोक म्हणत. विवाहित स्त्रीने आपल्या चोरट्या भेटी आठवाव्यात असा हा उघड शृंगाराचा श्लोक एका संन्याशाने भर रथयात्रेत का म्हणावा, हे भोवतालच्या लोकांना कळेना. मग त्यांचे शिष्य रूप गोस्वामी यांनी तसाच दुसरा श्लोक रचून तो अर्थ उलगडला: कुरुक्षेत्रावर कृष्ण पुन्हा भेटल्यावर राधा म्हणते की हा तोच कृष्ण आहे आणि मी तीच राधा आहे, तरी माझे मन यमुनेकाठच्या त्या वनासाठी झुरते. रेवेच्या जागी यमुना आली. चैतन्यांनी स्वतःच्या आर्ततेतून श्लोक ऐकला म्हणून शीलाभट्टारिकेचा श्लोक लहान झाला नाही. त्यांची आर्तता कुठे आणि माझे अकरा वर्षांचे लग्न कुठे, ही तुलना मी करत नाही. ऐकण्याची रीत मात्र तीच आहे, आणि ती आपल्याकडे फार जुनी आहे.

तेव्हा तो परिच्छेद मी काढणार नाही. तो प्रसिद्ध करण्यापूर्वी मी माझ्या पूर्वाश्रमीच्या पतीला वाचायला दिला होता आणि त्याची हरकत नव्हती. त्याने फक्त एक तपशील दुरुस्त केला, की लग्नाची अकरा वर्षे पूर्ण व्हायला दोन महिने कमी होते. ‘भावानुवाद’ हा शब्द आजच लेखातून काढला आहे आणि तिथे आपल्या आक्षेपाचा उल्लेख करून वरचे विवेचन थोडक्यात जोडले आहे. ओव्यांवर लिहायचे तर आधी त्या पुष्कळ ऐकाव्या लागतील, त्यामुळे त्या लेखाला वेळ लागेल. आपल्या प्रतिक्रियेत आपण आजीच्या तोंडून ऐकलेल्या ओव्यांचा ओझरता उल्लेख केला आहे. त्यांपैकी काही आठवत असतील तर अवश्य पाठवाव्यात, आणि त्या कोणत्या गावच्या आहेत तेही कळवावे.