तुमच्या पणजोबांची विहीर स्वच्छच होती

गिरगावकरकाका, नमस्कार.

मुंबईतल्या जुन्या विहिरी आणि हिवताप यावर मी गेल्या महिन्यात लिहिलं होतं, त्याखाली तुमची ऐसपैस प्रतिक्रिया आली. 'आभारी आहे' म्हणून सुटता आलं असतं, पण तुम्ही इतकं जीव तोडून भांडलात की उत्तरही तसंच द्यायला हवं.

बाकीच्यांसाठी काकांचं म्हणणं थोडक्यात सांगते. मी म्हणे साहेबाची आरती ओवाळली, सगळं श्रेय त्यालाच दिलं. डासांची मोजदाद आणि तापाचे नकाशे हा सगळा खटाटोप गोऱ्या सोल्जरांसाठी आणि गोदीच्या धंद्यासाठी होता. ठाकूरद्वारला काकांच्या पणजोबांच्या वाड्यात विहीर होती, पाणी असं नितळ की तळाला पडलेला ढब्बू पैसा वरून दिसायचा. त्या विहिरीला डासांचं घर ठरवून वर लोखंडी झाकण ठोकलं, हा निव्वळ आकस; कारण डास गटारात होतात हे शेंबड्या पोरालाही कळतं. मग शेवटचा टोला: "विहिरी गेल्या, मग बाई, मलेरिया का नाही गेला?" आणि जाता जाता, फोटो चुकलाय.

आधी फोटोचं. चुकलाच आहे. पायांवर पांढरे पट्टे असलेला तो डास एडिस, डेंग्यूवाला. तीस वर्षं लॅबमध्ये काढलेल्या बाईने अशी चूक करावी म्हणजे कमालच. बचाव एवढाच, की माझ्या वाट्याला रुग्णाचं रक्त आलं, डास नाही. आणि मलेरिया डास पसरवतो हे शोधून काढणाऱ्या रोनाल्ड रॉसनेही जवळजवळ दोन वर्षं चुकीचेच डास कापले होते. करडे कापले, पट्टेवाले कापले, काही सापडेना. ठिपकेदार पंखांचा डास हाती लागला तेव्हा कुठे २० ऑगस्ट १८९७ ला, सिकंदराबादेत, त्याच्या पोटाच्या भिंतीत काळ्या कणांच्या गाठी दिसल्या, म्हणजे मलेरियाचा परोपजीवी. तर फोटो बदलला आहे.

आता विहीर. तुम्ही ज्या गोष्टीवर सगळ्यात जास्त चिडलात, नेमकी तीच तुमच्या विरुद्ध साक्ष देते. पाणी नितळ होतं ना? तळातला पैसा दिसायचा ना? मग ते पाणी ॲनोफिलीस स्टीफेन्सायच्या पसंतीचंच होतं. गटारात होतो तो क्युलेक्स. रात्री कानाशी गुणगुणतो, हत्तीरोग पसरवतो, पण मलेरिया त्याच्याकडे नाही. मुंबईत मलेरिया वाहणारा हा स्टीफेन्साय खानदानी आहे. त्याला घाण पाणी चालत नाही. संथ, सावलीतलं, स्वच्छ पाणी हवं, आणि तेही माणसाच्या अंगणात. वाड्यातली विहीर म्हणजे त्याच्यासाठी पाळणाघरच.

गंमत म्हणजे हा डास शास्त्राला पहिल्यांदा भेटला तो आपल्याच मुलखात. लिस्टन नावाच्या लष्करी डॉक्टरने १९०१ मध्ये त्याचं वर्णन केलं ते एलिचपूरच्या छावणीतून, म्हणजे वऱ्हाडातलं अचलपूर. नाव मात्र दिलं स्टीफेन्स या दुसऱ्या साहेबाचं. हाच लिस्टन पुढे परळच्या प्रयोगशाळेत प्लेग आणि उंदरांच्या पिसवांवर काम करत होता.

मीही तुमच्यासारखीच समजूत बाळगून होते, आणि ती उतरली ती आमच्या इमारतीच्या गच्चीवर. निवृत्त झाल्यावर सोसायटीत मला 'आरोग्याचं तुम्ही बघा' म्हणून बसवलं. एके दिवशी पालिकेचा माणूस टाकी तपासायला आला. मी ठणकावून सांगितलं, आमची टाकी वर्षातून दोनदा धुतात, पाणी बघा कसं आहे ते. तो काही बोलला नाही. झाकण सरकवलं, खिशातून छोटा आरसा काढला, आणि उन्हाचा कवडसा पाण्यावर फिरवायला लागला. मग ओगराळ्यासारखं पांढरं भांडं तिरकं धरून हळूच बुडवलं आणि माझ्यापुढे केलं. मला काहीच दिसेना. "मॅडम, पाणी हलवू नका, सावली पण पाडू नका." मी श्वास रोखून उभी. मग दिसल्या. तांदळाच्या कणीपेक्षा बारीक काड्या, पाण्याच्या पृष्ठभागाला चिकटून आडव्या पडलेल्या, मधेच झटका देऊन मागे सरकणाऱ्या. "आडवी झोपते ती मलेरियाची. डोकं खाली करून लटकते ती गटाराची." आयुष्यभर काचेवर परोपजीवी मोजले, पण हे इतकं सोपं कुणी सांगितलं नव्हतं. झाकणाची एक कड गंजून उचलली गेली होती, बोटभर फट. तेवढी डासाच्या मादीला पुरली. दोन दिवसांनी नोटीस आली, आणि सेक्रेटरींनी महिनाभर माझ्याशी अबोला धरला, जणू त्या अळ्या मीच सोडल्या होत्या.

तर 'मलेरिया का नाही गेला' याचं उत्तर हे. विहीर गेली नाही काका, गच्चीवर चढली. जमिनीवरचं स्वच्छ, संथ पाणी झाकलं आणि तेवढंच पाणी आपण सिमेंटच्या टाक्यांत भरून डोक्यावर घेतलं. वर इमारतीच्या कामावर स्लॅबला पाणी मारून ठेवलेलं, लिफ्टच्या खड्ड्यात साचलेलं, पिंपात भरलेलं. २०१० च्या पावसाळ्यात आमच्याकडे स्लाइडचे ढीग लागले होते, तेव्हा 'पत्ता' या रकान्यात पुन्हा पुन्हा बांधकामाच्या साइटच दिसायच्या.

आता विहिरींचा निवाडा झाला कसा, ते सांगते, कारण 'आकस' हा शब्द तुम्ही फार सहज वापरलात. चार्ल्स बेंटली नावाच्या डॉक्टरला मुंबईच्या मलेरियाची चौकशी करायला नेमलं, त्याचा अहवाल १९११ चा. त्याची पद्धत मला आजही पटते. ताप किती जणांना येतो हे विचारून कळत नाही. कुणी सांगतं, कुणी लपवतं, आणि ताप तर शंभर कारणांनी येतो. म्हणून मुलांचं पोट तपासायचं. डाव्या बरगडीखाली बोटं सरकवायची आणि पानथरी, म्हणजे प्लीहा, हाताला लागते का बघायचं. तुमच्या आजीच्या तोंडी 'पोरगं पिवळं पडलंय, पानथरी वाढलीय' हे असणारच. वारंवार हिवताप आला की ती फुगते, आणि तिला खोटं बोलता येत नाही. डेम्पस्टर नावाच्या डॉक्टरने १८४७ मध्ये यमुनेच्या कालव्यालगतच्या गावांत हीच युक्ती वापरली होती, तेव्हा परोपजीवी कुणाला ठाऊक नव्हता आणि डासावर फारसा कुणाचा संशयही नव्हता. शंभरातल्या किती मुलांची पानथरी लागते तो आकडा वस्तीवार मांडला की तापाचा नकाशा तयार. त्याच्या शेजारी अळ्या कुठल्या पाण्यात सापडतात ते मांडायचं. आणि तिसरं, मोठे डास पकडून त्यांच्या लाळेच्या ग्रंथी सुईने सोडवून सूक्ष्मदर्शकाखाली मलेरियाचा परोपजीवी शोधायचा, म्हणजे नुसता हजर कोण आणि खरा गुन्हेगार कोण ते कळतं. या तिन्ही गोष्टी विहिरींकडे बोट दाखवत होत्या. १९२८ मध्ये कॉव्हेल नावाच्या डॉक्टरने पुन्हा मुंबईची पाहणी केली, तेव्हाही आरोपी तोच, स्टीफेन्साय.

यात नळाचीही एक गोष्ट आहे. विहार तलावाचं पाणी १८६० ला आलं, तुळशीचं १८७९ ला, तानसाचं १८९२ ला. बऱ्याच घरांत विहिरीचं पाणी रोजच्या पिण्याला लागेनासं झालं, उपसा कमी झाला, आणि पाणी संथ झालं. रोज शंभर घागरी निघणाऱ्या विहिरीत अळीला निवांतपणा कुठला? उपसा थांबला की ती घर करते. हा शेवटचा भाग माझा तर्क आहे, अहवालातला नाही, तेव्हा त्यावर तुम्ही खुशाल भांडा.

विहिरी झाकायला-बुजवायला विरोध झाला हे खरंच, आणि तो थिल्लर नव्हता. हिंदूंना पूजेला, पारश्यांना क्रियाकर्माला विहिरीचंच पाणी हवं, नळाचं चालत नाही, आणि त्या पाण्यावर सूर्याची किरणं पडायला हवीत. मग बंद झाकण कसं चालणार? त्यातून जाळीचं झाकण, उघडझाप करणारी झडप अशा तडजोडी निघाल्या. विहीर बुजवली म्हणून घरात मृत्यू झाला, अशा गोष्टी शहरभर सांगितल्या जायच्या. खुद्द पालिकेत काम केलेल्या रुस्तम मसानींनी १९१८ मध्ये विहिरींच्या लोकसमजुतींवर पुस्तक काढलं, त्याचं बीज याच प्रकरणात आहे. चर्चगेटजवळची भिखा बेहराम विहीर १७२५ ची, आजही पाण्यासह उभी आहे. म्हणजे सरसकट नांगर फिरवला असंही झालं नाही. पण ज्याच्या वाड्यात विहीर त्याला वकील मिळत होता. शेजारच्या चाळीत दहा बाय दहाच्या खोलीत हुडहुडी भरलेल्या गिरणी कामगाराचं मत कुणी मागवलं असेल, असं मला वाटत नाही. पणजोबांच्या बाजूने बोलताना हा शेजारी तुमच्या नजरेतून सुटला, एवढीच माझी तक्रार.

सोल्जर आणि गोदी याबद्दल मात्र तुमचं निम्म्याहून जास्त पटतं, आणि मूळ लेखात मी ते लिहायला हवं होतं. लाहोरजवळच्या मियां मीर छावणीतला डास हटवण्याचा गाजलेला प्रयोग पलटणीसाठीच होता. १९०८ मध्ये पंजाबात हिवतापाने काही महिन्यांत लाखो माणसं गेली, तेव्हा १९०९ मध्ये सिमल्याला मलेरियावर परिषद भरली. आपल्याकडे अलेक्झांड्रा डॉक, आताचा इंदिरा डॉक, १९०५ ते १९१४ बांधला जात होता. खड्डे, साचलेलं पाणी आणि मलेरियाच्या मुलखांतून आलेले मजूर एका ठिकाणी आणले की डासाला आणखी काय लागतं? २०१० च्या साइट आठवा. पण बेंटली सरकारचा चमचा होता असं म्हणाल, तर ते नाही चालणार. हाच माणूस पुढे बंगालात गेला आणि १९२५ मध्ये त्याने लिहून ठेवलं की रेल्वेच्या आणि रस्त्यांच्या बांधांनी पुराचं पाणी अडवलं, शेती बसली आणि मलेरिया वाढला. सरकारी नोकरीत राहून सरकारच्या लाडक्या रेल्वेवर बोट ठेवायला हिंमत लागते. हेतू कुणाचाही असो, पानथरीचा आकडा हेतूप्रमाणे बदलत नाही.

श्रेयाचं म्हणाल तर तिथे माझी चूकच झाली. रॉसच्या त्या डासांनी ज्याचं रक्त प्यायलं तो रुग्ण हुसेन खान, त्याला एका डासाच्या चाव्यामागे एक आणा मिळाला. त्याच्या रक्तात 'चंद्रकोरी' होत्या. आम्ही लॅबवाले आजही फॅल्सिपेरमचं, म्हणजे मलेरियाच्या जीवघेण्या प्रकाराच्या परोपजीवीचं, ते रूप ओळखतो ते त्या कोरीवरूनच. जांभळट पार्श्वभूमीवर एक बारीक वाकडी कोर दिसली की पोटात गोळा येतो. मुंबईत विहिरीत वाकून, भांडी बुडवून अळ्या गोळा करणाऱ्यांची तर नावंही कुणी लिहून ठेवली नाहीत. आणि माझा स्वतःचा लाडका माणूस मूळ लेखात राहूनच गेला: भायखळ्याच्या ग्रँट मेडिकल कॉलेजचा व्हॅनडाइक कार्टर. ग्रेच्या शरीरशास्त्राच्या पुस्तकातली ती सुप्रसिद्ध चित्रं काढणारा हाच. १८८७ च्या सुमारास, रॉसच्या दहा वर्षं आधी, त्याने मुंबईतल्या रुग्णांच्या रक्तात मलेरियाचा परोपजीवी पाहिला होता. रॉसचा तर १८९४ पर्यंत त्या परोपजीवीवर विश्वासच नव्हता. तुम्हाला देशी नाव हवं असेल तर आमच्या टेबलावरच्या बाटलीवर होतं: जेएसबी स्टेन, म्हणजे जसवंत सिंग आणि भट्टाचार्जी, १९४४. महागडा परदेशी रंग न वापरता मिनिटभरात स्लाइड रंगते. मी हजारो रंगवल्या, बोटांवरचा जांभळा डाग रविवारीही जायचा नाही.

आता एक विनंती. तुम्ही त्या विहिरीवरच्या लोखंडी झाकणाचा उल्लेख केलात. ते पूर्ण बंद होतं, की मधे जाळी आणि उघडायची झडप होती? वाडा पडला तेव्हा झाकण भंगारात गेलं की घरात कुणी जपून ठेवलंय? जुन्या फोटोत कुठे कोपऱ्यात दिसत असेल तरी पाठवा. जाळीची विण किती बारीक होती ते मला बघायचं आहे.