काढलेल्या ओळींची जमा पावती

सांगलीकडच्या एका साखर कारखान्याने माझं बिल लाल शेरा मारून परत पाठवलं. शेरा असा : 'पूर्वी ओळी ४,२००. आता १,८००. माल घटला असता रक्कम कशाबद्दल?'

काम होतं ऊसकाट्यावरच्या प्रिंटरचा जुना ड्रायव्हर, म्हणजे संगणकाकडून प्रिंटर चालवणारा प्रोग्रॅम, साफ करण्याचं. ओळी म्हणजे त्या प्रोग्रॅमच्या ओळी. काट्याची पावती तीन प्रतींत लागते, मध्ये कार्बन. म्हणून पिना आपटणारा डॉट मॅट्रिक्सच हवा, तोही पॅरलल पोर्टवर, म्हणजे अनेक तारांच्या जुन्या जोडणीवर. ड्रायव्हर नव्वदच्या दशकातला. पुढे आलेल्या प्रत्येकाने त्यात भर घातली, काढलं कुणीच काही नाही. प्रिंटरला एक अक्षर द्यायचं तर स्ट्रोबच्या, म्हणजे 'अक्षर घे' सांगणाऱ्या, तारेवर निदान अर्धा मायक्रोसेकंद झटका द्यावा लागतो. तेवढं थांबायला पूर्वसुरींनी संगणकाला उगाच आकडे मोजायला बसवलं होतं. ४८६ या जुन्या प्रोसेसरवर ते पुरायचं. पुढे मशीन वेगवान झाली तशी मोजणी लवकर संपायला लागली. मग कुणी हजाराचे दहा हजार केले, कुणी लाख. शिवाय 'बिझी'ची तार. प्रिंटर कामात असला की तारेवर १ असतो, पण पोर्टमधून वाचताना तो उलटा होऊन ० दिसतो. एकाने तो सरळ केला, दुसऱ्याने सरळ केलेला पुन्हा उलटा केला आणि तिसरा 'याला हात लावू नये' असं लिहून मोकळा झाला.

हे सगळं मी अकौंटंटसाहेबांच्या टेबलासमोर उभं राहून सांगितलं. बसा म्हणाले नव्हते.

"म्हंजे नवीन काय बसवलं?"

"नवीन असं नाही. फालतू होतं ते काढलं."

"हां. पाचट काढलं."

"अगदी बरोबर!" मला वाटलं, गाडी रुळावर आली.

"पाचट काढल्यावर ऊस काट्यावर कमी भरतोय का जास्त?"

"कमी."

"मग शेतकऱ्याला पैसं कमी देतो का जास्त?"

मी गप्प. साहेबांनी तंबाखू मळली, चिमूट ओठाखाली सारली आणि खरा प्रश्न काढला. "बरं, काढलेल्या ओळी कुठं हायत?"

"खोडल्या."

"खोडल्या? कुणाला इचारून? अवो, बॉयलरचा व्हॉल्व बदलला तरी जुना स्टोअरला जमा होतोय. जमा पावती न्हाई तर बिल न्हाई. उद्या ऑडिटवाल्याला काय सांगू? कारखान्याच्या चोवीसशे ओळी परस्पर गेल्या म्हणून?"

लिनक्स या संगणकप्रणालीवाल्यांचं बरं असतं. १९९१ साली ज्या ३८६ प्रोसेसरवर लिनक्स जन्माला आलं, त्याच ३८६ चा आधार त्यांनी २०१३ च्या ३.८ आवृत्तीत काढून टाकला. स्टोअरकीपर आडवा आला नाही. त्यांच्या पॅरलल प्रिंटरच्या ड्रायव्हरमध्ये तर एक मासलेवाईक संदेश आहे : कागद आहे, प्रिंटर चालू आहे, तरी तो बिघाड सांगतोय, असं झालं की 'एलपी झीरो ऑन फायर', म्हणजे प्रिंटर पेटलाय! वातावरण हलकं करायला मी हे साहेबांना सांगितलं. ते हसले नाहीत.

"मागं बगॅसचा, चिपाडाचा ढीग हाय. आगीचं नाव काढू नका."

मला राग याचा आहे की भर घालणाऱ्या प्रत्येकाचं बिल पास झालं. सरळ करणाऱ्याचं झालं, उलटं करणाऱ्याचंही झालं. लाखापर्यंत मोजायला लावणाऱ्याला तर म्हणे वार्षिक देखभालीचं कंत्राट होतं. अडाण्यासारखे आकडे फुगवा, पैसे घ्या. आणि मी ते वाचून, कोणता आकडा कशासाठी होता हे उकरून, हंगाम सुरू व्हायच्या आत हलकं केलं, तर मला विचारतात माल कुठाय.

जुनी प्रत माझ्याकडे होतीच. काढलेल्या सगळ्या ओळी त्याच प्रिंटरवर, कंटिन्युअस कागदावर छापल्या. एकदाही न अडकता छापून निघाल्या. याची दखल कुणी घेतली नाही. स्टोअरकीपरने गठ्ठा तराजूत टाकला, उलटून पाहिला आणि पावती फाडली : 'भंगार कागद, छापील, १७० ग्रॅम.'

बिल मंजूर झालं. कारखान्याचा कागद खाजगी कामी वापरल्याबद्दल ३७ तावांची किंमत वजा. बाकी रक्कम हंगाम संपल्यावर.