भूजलाच्या नकाशावर विहिरीही दिसू द्या

भूजलाचे रंगीत नकाशे हल्ली सर्रास फिरतात. निळं म्हणजे मुबलक पाणी, लाल म्हणजे टंचाई. ते बघून लोक बोअर कुठे घ्यायची, कुठलं पाणी प्यायचं हे ठरवतात, म्हणून पोटतिडकीने लिहितोय. त्यातला बराचसा रंग मोजून आलेला नसतो, तो अंदाज असतो.

मोजमाप होतं ते फक्त विहिरींवर. तिथली पाणीपातळी किंवा फ्लोराइडचा आकडा जीआयएसमध्ये, म्हणजे संगणकावर नकाशे बनवणाऱ्या प्रणालीत, भरला की मधली मोकळी जागा सॉफ्टवेअर गणिताने भरून काढतं. गाळाच्या जमिनीत पाणीपातळीपुरतं हे बऱ्यापैकी जमतं. कठीण खडकात पाणी भेगांमधून खेळतं. एका बोअरला धो धो पाणी आणि हाकेच्या अंतरावरची ठणठणीत कोरडी, पण नकाशात दोन्ही एकाच रंगात! उथळ विहीर आणि खोल बोअर यांचे आकडे एकत्र केले तर निघणारी सरासरी कुणाच्याच पाण्याची नसते. आणि पंप नुकताच बंद करून मोजलं असेल तर पाणी खऱ्या पातळीपेक्षा खालीच दिसणार.

गुणवत्तेचा प्रश्न तर थेट जिवाशी. बांगलादेशात शेजारशेजारच्या नळकूपांतही आर्सेनिक या विषारी द्रव्याचं प्रमाण कमालीचं वेगळं निघालं. म्हणून तिथे लाखो नळकूप एकेक करून तपासले आणि सुरक्षिताला हिरवा, धोक्याच्याला लाल रंग थेट पंपावरच दिला. त्यातही लाल कशाला म्हणायचं हे माणूस ठरवतो. त्या देशाची मर्यादा लिटरला ५० मायक्रोग्रॅम, जागतिक आरोग्य संघटनेची १०. पाणी तेच, पण मर्यादा बदलली की नकाशा बदलतो.

उपग्रहांचं मला मनापासून कौतुक आहे. २००२ मध्ये सोडलेल्या ग्रेस उपग्रहांच्या जोडीने गुरुत्वाकर्षणातले बारीक बदल टिपून जमिनीतलं पाणी कुठे आटतंय हे दाखवलं. पण ते चित्र शेकडो किलोमीटरच्या टापूचं. एका गावाची विहीर त्यात शोधू नये.

माझी मागणी साधी आहे. प्रत्येक नकाशावर मोजलेल्या विहिरींचे ठिपके, मोजणीची तारीख आणि विहिरीची खोली द्या. मधली जागा भरायला क्रिगिंग ही सांख्यिकी पद्धत वापरली असेल तर अंदाज कुठे किती चुकू शकतो याचाही नकाशा त्यातूनच मिळतो. तो बहुतेक वेळा छापलाच जात नाही. तोही शेजारी लावा, आणि पुढची निरीक्षण विहीर त्यात सगळ्यात जास्त चूक दिसते तिथे खणा.