यशवंतरावांवर भाषण ठोकायचंय? मग वाचन टाळा

१२ मार्चची जयंती जवळ आली की यशवंतराव चव्हाणांवर बोलायची पाळी कुणावरही येऊ शकते. घाबरू नका. परवाच एका वक्तृत्व स्पर्धेत तीन तास प्लास्टिकच्या खुर्चीत बसून मी हे शास्त्र शिकून आलोय. तुम्हाला फुकट सांगतो.

सुरुवात 'हिमालयाच्या हाकेला सह्याद्री धावला' यानंच करा. शेवटही त्यानंच. मध्ये अडखळलात तर पुन्हा तेच.

जन्म देवराष्ट्रेचा की कऱ्हाडचा, गोंधळ झाला तर 'कृष्णाकाठ' म्हणा. भागतं.

१ मे १९६०चा मंगलकलश आणाच, टाळ्या तिथंच आहेत. त्याआधी नेहरूंना महाराष्ट्रापेक्षा मोठं म्हटल्याबद्दल त्यांनी खाल्लेल्या शिव्या मात्र काढू नका. सभागृहात संयुक्त महाराष्ट्र समितीवाल्याचा एखादा नातू असतोच.

आणि तारखा? अजिबात बघू नका, भाषण नासतं. चीन युद्धात संरक्षणमंत्री कृष्ण मेनन यांना पद सोडावं लागल्यावर यशवंतरावांनी संरक्षणमंत्रिपदाची शपथ घेतली २१ नोव्हेंबर १९६२ला. चीननं एकतर्फी युद्धबंदी जाहीर केली तीही त्याच दिवशी! सह्याद्री पोचला तेव्हा लढाई संपत आली होती. आता हे सांगितल्यावर बोट उगारून 'चिन्यांना पळवून लावलं' असं कसं ओरडणार? त्यांच्या पदरात पडलं ते हरलेलं, खचलेलं सैन्य. मग तीन वर्षं नुसतं कंटाळवाणं काम. पराभवाची हेंडरसन ब्रूक्स समितीची चौकशी, तिचं सार २ सप्टेंबर १९६३ला लोकसभेत मांडणं, डोंगरी लढाईच्या डिव्हिजन उभ्या करणं, सव्वाआठ लाख फौजेचा पंचवार्षिक आराखडा, शस्त्रांसाठी अमेरिका आणि रशियाच्या वाऱ्या. टाळीचं वाक्य एक तरी सापडतंय का यात? पण १ सप्टेंबर १९६५ला जम्मूतल्या छांबमध्ये पाकिस्तानी रणगाडे घुसले आणि हवाईदलप्रमुख अर्जन सिंग हवाई हल्ल्याची परवानगी मागायला आले, तेव्हा यशवंतरावांनी चर्चेचं गुऱ्हाळ लावलं नाही. १९६२त लढाऊ विमानं वापरलीच नव्हती. या वेळी संध्याकाळी पठाणकोटहून उडाली. त्यातली चार व्हॅम्पायर विमानं परत आली नाहीत. हो म्हणणाऱ्या माणसाला ती रात्र कशी गेली असेल, याचा विचार त्या माईकवर कुणी केला?

केला. माझ्या नववीतल्या भाचीनं. ग्रंथालयातून पुस्तकं आणून, वहीत तारखा उतरवून, आरशासमोर आठ दिवस बडबडून. शपथ आणि युद्धबंदी एकाच दिवशी, असं ती म्हणाली तसे परीक्षक एकमेकांकडे बघून हसले. नंतर गुणपत्रिकेवर शेरा: 'नकारात्मक मांडणी.' पहिला नंबर सह्याद्रीला पाच वेळा धावायला लावणाऱ्या पोराला. त्याचा काय दोष, त्याला कुणीतरी ते लिहून दिलेलं.

परीक्षक महोदय, नकारात्मक काय आहे त्यात? जिंकलेल्या लढाईत मिरवायला कुणीही जातं. हा माणूस मुख्यमंत्रिपद सोडून हरलेल्या लढाईचा उकिरडा उपसायला दिल्लीला गेला, हे तुम्हाला कमीपणाचं वाटतं? शाली घेता, नारळ घेता, मानधनाचं पाकीट घेता, आणि ज्याच्या नावानं घेता त्याच्यावरची चार पानं वाचून यायला होत नाही? वर पोरीला म्हणता, 'बाळ, जरा स्फूर्तिदायक बोलत जा.'

पाच गुण कापलेत तिचे. तारीख बरोबर सांगितली म्हणून.